हरणांसाठी झाड लावायचे, पण कुठे?

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतले शिकारी एक काम मोठ्या चिकाटीने करतात. आपल्या मालकीच्या रानात, मोकळ्या जागेच्या कडेला ते पर्सिमनची झाडे लावतात. तिथला पर्सिमन हा त्या मातीतलाच वृक्ष. त्याची लहान नारिंगी फळे सप्टेंबरच्या सुमारास पिकू लागतात आणि काही झाडांवर तर पानगळ उरकल्यानंतरही लटकून असतात. पिकलेले फळ खाली पडते, पांढऱ्या शेपटीच्या हरणांना त्याचा सुगावा लागतो आणि मग ती त्या झाडाखाली नेमाने येऊ लागतात. जवळच मचाण बांधलेले असते. शिकारीचा हंगामही त्याच महिन्यांतला. म्हणून रोपवाटिकावाले कलमे विकताना फळ लवकर गळणार की उशिरा, हे आवर्जून सांगतात.

हरणांना बोलावण्याची ही विद्या आता शिकाऱ्यांपुरती राहिलेली नाही. हरीण नुसते पाहायचे आहे, त्याचा फोटो काढायचा आहे, गॅलरीतून नातवंडांना दाखवायचे आहे, अशा निरुपद्रवी हेतूनेही माणसे तिच्याकडे वळतात. आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला. पाहण्याची हौस मात्र कायद्याने मिटत नाही, आणि मिटावी असेही कोणी म्हणणार नाही. मुंबईच्या उपनगरांत तर या हौसेला भक्कम आधार आहे. बोरिवली आणि मुलुंडमध्ये कितीतरी सोसायट्यांच्या मागची भिंत ओलांडली की जंगल सुरू होते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे एकोणिसाव्या शतकातले तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि चितळ, सांबर, भेकर ही हरणेही आहेत. सशाएवढी पिसोरीसुद्धा या जंगलात आहे, पण ती दिसली तर नशीब.

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांमध्ये वृक्षारोपणाच्या बैठका होतात. कुठले झाड लावायचे यावर चर्चा रंगते आणि त्यात हरणांना आवडेल असे एखादे फळझाड भिंतीलगत लावू या, ही सूचना कोणालाही सहज सुचावी अशी आहे. शहापूर, मुरबाड, कर्जतकडे जमिनीचा तुकडा घेऊन ठेवलेल्या उपनगरवासीयांनाही ती मोहात पाडते. हा विचार चांगल्या मनातून येतो. झाडाची निवड बहुतेक वेळा चुकते, पण ती चूक दुरुस्त होण्यासारखी असते. जागा चुकली तर तिची किंमत हरीण मोजते, आणि कधी कधी माणूसही.

आधी झाडाचे पाहू. हिवाळ्यात मुंबईच्या फळबाजारात जपानी फळ म्हणून जे येते ते पूर्व आशियातले पर्सिमन. आपल्या देशात त्याची लागवड मुख्यतः हिमाचलात होते, कुलू खोऱ्यातले फळ प्रसिद्ध आहे. या झाडाला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. बोरिवलीच्या डिसेंबरमध्ये ती मिळणे नाही. रोप जगेलही, पाने फुटतील, पण भरघोस फळांची आशा धरू नये. अमेरिकी जात तर याहून थंड हवेची. तेव्हा परदेशी पर्सिमन लावून चितळ येतील हा बेत इथल्या हवेपुढेच टिकत नाही.

पण पर्सिमनचे सख्खे भाऊबंद आपल्या राज्यात भरपूर आहेत आणि त्यातला सर्वात परिचित म्हणजे टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू. विड्यांच्या पानामुळे सगळ्यांना हे झाड माहीत असते. त्याच्या फळाची आठवण मात्र रानात वाढलेल्यांनाच असते. टेंभरे उन्हाळ्यात पिकतात. कच्चे फळ इतके तुरट की तोंड आवळून येते, आणि पिकलेले तितकेच गोड. त्या तुरटपणाचे कारण पर्सिमनमध्ये आहे तेच: कच्च्या गरातले टॅनिन. बी तयार होईपर्यंत फळ कोणी खाऊ नये, ही झाडाने केलेली तजवीज. बी पक्के झाले की गोडवा येतो आणि अस्वल, माकडे, पक्षी, हरणे सगळ्यांना आमंत्रण जाते. एप्रिल-मेच्या वणव्यासारख्या उन्हात, गवत करपलेले आणि ओढे आटलेले असताना ओलावा आणि साखर एकत्र देणारे हे फळ आहे. वन्यजीवांच्या दृष्टीने त्याचे मोल पानापेक्षा खूप मोठे.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत मात्र हिशेब उलटा आहे. तिथे तेंदूचे पान रोख पैसा देते. पाने कोवळी आणि भरपूर यावीत म्हणून उन्हाळ्यापूर्वी झुडपे छाटली जातात, आणि कित्येक ठिकाणी जमिनीवर आगही लावली जाते. छाटलेल्या झुडपाला फळ कुठून धरणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने या बाबतीत वेगळा निर्णय घेतला. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर तिथल्या ग्रामसभेने बांबूवर आपले अर्थकारण उभे केले आणि तेंदूपत्ता तोडणे बंद ठेवले. छाटणी आणि आगीने जंगलाचे नुकसान होते आणि झाडाला फळ लागत नाही, हे कारण गावाने दिले. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावविषयी लिहिताना या निर्णयाकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधले आहे. एकही नवे झाड न लावता, असलेले झाड फळू देऊन वन्यजीवांची सोय कशी होते याचा हा दाखला आहे. रोपवाटिकेत जाण्याआधी तो लक्षात घ्यायला हवा, कारण वृक्षारोपणाच्या उत्साहात आपल्याकडे राखणे हा शब्दच मागे पडला आहे.

टेंभुर्णी लावायचीच म्हटले तर तिचे स्वभावही ओळखून घ्यावे लागतात. पर्सिमनप्रमाणे तिच्यातही साधारणपणे नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकच रोप लावले आणि ते नर निघाले, तर फळाची वाट पाहून उपयोग नाही. तिचे सोटमूळ लवकर आणि खोल जाते, त्यामुळे पिशवीत वाढवलेले रोप उपटून दुसरीकडे लावले की ते बहुधा रुसते. जागेवरच बी टोकणे बरे. वाढही संथ. आज लावले आणि तीन वर्षांत हरणे आली, असे हे झाड नव्हे. आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी झाड लावायचे, ती हरणेच कोवळे शेंडे आधी फस्त करतात. नर चितळ शिंगे घासून रोपांच्या साली काढतात ते वेगळेच. अमेरिकेतही हरणांसाठी लावलेल्या पर्सिमनला पहिली काही वर्षे हरणांपासून वाचवण्यासाठी जाळी लावावी लागते.

आता हरणांचे. चितळ मुळात गवतावर जगणारे जनावर आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कोवळे गवत हेच त्याचे मुख्य अन्न. गवत वाळून राठ झाले की ते झाडपाल्याकडे, गळालेल्या फुलांकडे आणि फळांकडे वळते. सांबर झाडपाला अधिक खाते, भेकराला फळांची विशेष आवड. आपल्या पानझडी जंगलात या काळासाठी निसर्गाने जणू पाळ्या लावून दिल्या आहेत. थंडीत आवळा, बोर, बेहडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीची मांसल फुले झाडाखाली पडतात. मग मोह. उन्हाळा चढला की टेंभुर्णी, भोकर, आणि मृगाच्या आधी जांभूळ. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, त्यामुळे तो सगळ्यांचाच आधार. यातले कुठले झाड किती, हे जंगलागणिक बदलते.

हे देणे एकतर्फीही नाही. उत्तराखंडातल्या राजाजी राष्ट्रीय उद्यानात आवळ्यावर झालेल्या अभ्यासात असे आढळले की चितळ आणि भेकर पडलेले आवळे खातात आणि पुढे कुठेतरी बसून रवंथ करताना त्याच्या आठळ्या तोंडावाटे बाहेर टाकतात. म्हणजे आवळ्याची पेरणी हरणे करतात. झाडावरची वानरे अर्धवट खाल्लेली फळे आणि पाला खाली टाकतात आणि चितळांचा कळप खाली उभा राहून तो वेचतो, हे दृश्य मध्य भारतातल्या जंगलांत नेहमीचे आहे. बिबट्या दिसला तर वानरांचा इशाराही त्यांना आयता मिळतो. फळझाड, वानर, हरीण आणि शिकारी प्राणी यांच्यातली ही देवाणघेवाण जंगलाच्या आत चालते तेव्हा तिचे काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात हरणांची संख्या जिथे ठळकपणे वाढलेली दिसली, तिथे फळझाडांपेक्षा गवताने काम केले आहे. मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही गावे २००० नंतरच्या काही वर्षांत जंगलाबाहेर पुनर्वसित झाली. त्यांची रिकामी शेते तशीच सोडली असती तर तण आणि झुडपांनी भरून गेली असती. वनविभागाने तिथे स्थानिक गवतांची कुरणे उभी केली, गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांचे मार्गदर्शन विदर्भातल्या अशा कामांना मिळत आले आहे. ताडोब्यात नवेगावच्या जुन्या शेतांवरही असेच कुरण झाले. आज त्या माळांवर चितळ, सांबर, गवे चरताना दिसतात. गवत लावण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे बोलावून फीत कापता येत नाही, हीच त्याची एक अडचण.

राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य जाहीर केले होते. त्याआधीच्या तीन वर्षांत अनुक्रमे दोन, चार आणि तेरा कोटींची लक्ष्ये होती. त्यातली किती झाडे जगली यावर पुष्कळ वाद झाला आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. आकडा मोठा असला की सहज मिळणारी, जनावरे तोंड न लावणारी, लवकर हिरवी दिसणारी रोपे निवडली जातात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांनी मुंबई-ठाण्यातले उतार कसे व्यापले, हे कोणत्याही टेकडीवर नजर टाकली की कळते. टेकडी हिरवी दिसते, पण गवत नाही आणि चितळ-भेकराला वेचायला फळही नाही. शहरात लोकप्रिय झालेल्या मियावाकी पद्धतीची दाट वने धूळ आणि आवाज अडवायला उपयोगी असतील. चितळाला हवे असलेले मोकळे, गवताळ, उन्हाचे कवडसे पडणारे रान ती देऊ शकत नाहीत.

तर मग उद्यानाच्या कडेच्या सोसायटीने आवळा, जांभूळ, उंबर असे देशी झाड भिंतीलगत लावले तर काय बिघडले? पक्ष्यांसाठी, वटवाघळांसाठी काहीच बिघडत नाही. हरणे भिंतीपर्यंत यावीत या इराद्याने लावले, तर बिघडते. हरीण जिथे नेमाने येते तिथे त्याच्या मागे येणाराही ठरलेला आहे. संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांची गणना कॅमेरा लावून झाली तेव्हा २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे आढळले. एवढ्याशा क्षेत्रात इतके बिबटे असणे जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. त्यांच्या आहाराचा अभ्यास २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेसाठी केला. त्यातून निघालेली गोष्ट मुंबईकरांनी पाठ करून ठेवावी अशी आहे: बिबट्याच्या खाण्यात मोठा वाटा जंगलातल्या चितळ-सांबरांसारख्या प्राण्यांचाच होता, पण सुमारे एक चतुर्थांश वाटा गावठी कुत्र्यांचा होता. ही कुत्री जंगलात राहत नाहीत. ती आपल्या कचऱ्यावर, आपल्या वस्तीच्या कडेला जगतात.

यावरून कोणी म्हणेल, मग तर हरणे वाढवलीच पाहिजेत, म्हणजे बिबट्या कुत्र्यांकडे वळणार नाही. युक्तिवाद अर्धा खरा आहे. जंगलाच्या आत भक्ष्य भरपूर असणे केव्हाही चांगले. पण भिंतीबाहेर सोपे भक्ष्य उपलब्ध असेल तर आतले कितीही वाढवा, काही बिबटे बाहेर येणारच. धावणाऱ्या चितळापेक्षा झोपलेले कुत्रे पकडणे सोपे, हे बिबट्याला शिकवावे लागत नाही. आणि भिंतीलगत हरणे आणून बसवली तर आतले आणि बाहेरचे दोन्ही भक्ष्य एकाच रेषेवर आले. त्या रेषेवर सुरक्षारक्षक रात्री बसतो, मुले संध्याकाळी खेळतात आणि पाड्यावरच्या बाया पहाटे बाहेर पडतात.

हे भय दाखवण्यासाठी म्हणत नाही. बिबट्या माणसाच्या मागे लागलेला प्राणी नाही. वारली समाज या भागात पिढ्यानपिढ्या वाघोबाला देव मानून त्याच्यासोबत राहत आला आहे. पण संघर्षाचे दिवसही या उपनगरांनी पाहिले आहेत. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्याचे हल्ले इतके वाढले की शहर हादरले. त्या काळात ठिकठिकाणी पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत होती. जुन्नर भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की बिबटे असे हलवल्याने माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी सोडल्या जागी वाढतात. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला आणि सापळ्याऐवजी कचरा, कुत्री, अंधार आणि लोकांची माहिती यांवर काम होऊ लागले. परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरी २०२२ च्या दिवाळीत उद्यानालगतच्या आरे वसाहतीत दीड वर्षांच्या मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा जागी आणखी एक आमिष ठेवणे शहाणपणाचे नाही.

आमिष हा शब्द इथे कायद्यामुळेही महत्त्वाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणे, विष देणे, सापळा लावणे यांच्याबरोबर आमिष दाखवणेही येते आणि तसा प्रयत्नही येतो. अंगणात जांभूळ लावल्याबद्दल कोणावर खटला भरला जाणार नाही, हे उघड आहे. पण हरणे यावीत म्हणून झाडाखाली मीठ ठेवणे, केळी-भाजी टाकणे, त्यांना जाळीतून हाताने भरवणे, हे प्रकार त्या व्याख्येच्या जवळ जातात. अमेरिकेतही अनेक राज्यांनी हरणांना खाद्य टाकून बोलावण्यावर निर्बंध घातले आहेत. एकाच ठिकाणी पुष्कळ हरणे तोंडाला तोंड लावून खाऊ लागली की रोग पसरतात. तिथल्या हरणांमध्ये मेंदू झिजवणारा एक असाध्य आजार १९६० च्या दशकापासून दिसू लागला आणि हळूहळू राज्यामागून राज्ये त्याने गाठली. तो आजार भारतात आढळलेला नाही. गर्दीने रोग पसरतो, हा नियम मात्र सगळीकडे सारखा.

खाऊ घालण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिच्यामागे पुण्याची कल्पना आहे. कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडांना चणे-बिस्किटे देणाऱ्याला आपण काही वाईट करतो असे वाटत नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जे रण माजले ते सगळ्यांनी पाहिले. तिथेही दाणे टाकणाऱ्यांच्या मनात दयाच होती. दया आणि परिणाम यांची गाठ पडेलच असे नाही, एवढेच.

शहापूर-कर्जतकडे ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमच्या कुंपणातल्या आवळ्याखाली भेकर येऊ लागले, हे तुमच्याआधी फासे लावणाऱ्याला कळते. तुम्ही शनिवार-रविवारी येता, तो रोज असतो. उघड्या विहिरी आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या हे आणखी दोन धोके. ज्या जागेवर रात्री कोणी राखण करत नाही, तिथे हरणाला यायची सवय लावू नये.

हरणांना धोकाच नसला तर काय होते, याचे उलट टोकाचे उदाहरण अंदमानात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंग्रजांनी तिथे चितळे नेऊन सोडली. बेटांवर त्यांना खाणारा कोणी नव्हता. ती पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर गेली आणि कोवळी रोपे खाऊन त्यांनी कित्येक ठिकाणी जंगलाची नवी पिढीच उगवू दिली नाही. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीने काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आता अंदाजे तीन कोटींच्या घरात आहेत आणि तिथल्या वनाधिकाऱ्यांपुढे ती कमी कशी ठेवावी हा प्रश्न आहे. हरीण गोजिरवाणे दिसते म्हणून त्याची संख्या वाढणे नेहमीच भले ठरत नाही. संजय गांधी उद्यान या बाबतीत भाग्यवान आहे, त्याच्याकडे बिबट्या आहे. तो तिथे आहे म्हणूनच तिथले जंगल हरणांना पचवू शकते.

तेव्हा हरणांसाठी झाड लावण्याची जागा उद्यानाच्या आत आहे, वस्तीपासून दूर, आणि ते काम वनविभागाच्या देखरेखीखालीच होऊ शकते. राष्ट्रीय उद्यानात कोणी आपल्या मनाने रोप किंवा बी नेऊन टाकू नये. हौशी मंडळी पावसाळ्यात मातीचे गोळे भिरकावतात, त्यात कुठले बी आहे हे बहुतेकांना सांगता येत नाही. वनविभागाने मात्र हे काम अधिक विचाराने करायला हवे. उद्यानाच्या ज्या भागांत विदेशी झाडांची दाटी झाली आहे ती टप्प्याटप्प्याने कमी करून तिथे गवत आणि फळणारी देशी झाडे यांचे मिश्रण आणावे. कोणत्या महिन्यात हरणांना खायला काय मिळते आणि कोणता महिना कोरडा जातो, याचे वर्षभराचे टिपण करून त्यानुसार जाती निवडाव्यात. हे टिपण करायला उद्यानातल्या पाड्यांवरच्या लोकांइतके योग्य दुसरे कोणी नाही. कुठल्या ओढ्याकाठचा उंबर कधी फळतो, कुठल्या बेहड्याखाली सकाळी भेकराच्या लेंड्या असतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्याकडे आजवर अतिक्रमणाचा प्रश्न म्हणूनच अधिक पाहिले गेले. त्यांच्या ज्ञानाला मजुरी मिळाली तर काम स्वस्तात आणि चांगले होईल. उन्हाळ्यातली आग रोखणे हे तर पहिले काम. एका वणव्यात जितकी रोपे आणि जितके गवत जाते, तितके भरून काढायला अनेक पावसाळे लागतात.

उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि आरेतली सुमारे आठशे एकर जमीन २०२० मध्ये वनासाठी राखीव झाली. या दोन्ही पट्ट्यांमध्ये काय लावायचे आणि काय लावायचे नाही याची साधी, मराठीत छापलेली यादी महापालिका आणि वनविभाग यांनी मिळून द्यायला हवी. पक्ष्यांसाठी योग्य झाडे वेगळी, हरणांसाठी वेगळी, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या, इतके त्यात स्पष्ट असले तरी पुष्कळ.

आणि बोरिवली, मुलुंड, गोरेगाव, ठाण्यातल्या भिंतीलगतच्या सोसायट्यांना आमची विनंती आहे. यंदा वृक्षारोपणाची बैठक होईल तेव्हा रोपाआधी कचऱ्याचा विषय घ्या. झाकण नसलेले डबे बदला, उरलेले अन्न भिंतीपलीकडे टाकणे बंद करा, मागच्या वाटेवर दिवा लावा, कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी पालिकेकडे पाठपुरावा करा. त्यानंतर हवे तर आवळा लावा, जांभूळ लावा, पण रस्त्याच्या बाजूला. आणि पडलेली फळे झाडून घ्या. हरीण पाहायचे असेल तर एखाद्या दिवशी सकाळी लवकर उठून तिकीट काढा आणि बोरिवलीच्या दारातून उद्यानात चालत जा. चितळ तिथे दिसते, आणि ते तिथेच राहिले पाहिजे.